तिसरा बाक

आमच्या इगर्जीत भांडणं होत नाहीत,
हे मी प्रत्येक नव्या पाद्रीला पहिल्याच दिवशी सांगते,
वेदीची धुतलेली वस्त्रं मोजून देताना.
आमच्याकडे फक्त घसे खाकरले जातात.

बस्त्याव आल्मेडा वाचायला उभा राहिला
की पहिला घसा पुरुषांच्या बाजूने.
'इस्राएल' तो असं म्हणतो
जसा चुलत्याने लाटलेल्या जमिनीचा गट नंबर.
'शांती असो' म्हणत हात द्यायची वेळ आली
की फिलू पर्समध्ये रुमाल शोधते.
रुमाल सापडतो, शांती संपल्यावर.

मिसा मराठीत की कोकणीत,
या वादात मागच्या पाद्रीचे केस गेले.
तो बदलून गेला, वाद इथेच राहिला.
(रागवायचं मालवणीत, यावर सगळ्यांचं एकमत.)

चवथीला परबांकडून मोदक येतात.
फिलू आधी क्रूस काढते, मग खाते.
बस्त्याव खातो, मग काढतो.
माझी आई खायची आणि काहीच काढायची नाही,
नारळ जून होता, एवढंच म्हणायची.

हे सगळं हसण्यावारी जातं.
जात नाही ते वेगळं.
बाप्तिस्म्याच्या आधी आपण कोण होतो
हे इथे कुणी कुणाला विचारत नाही.
लग्न जुळवताना ते न विचारता कळतं.
फेस्ताच्या मिरवणुकीत छत्राचे दांडे चार,
ते चार घरांचे.
पाचव्या घराने मेणबत्ती धरायची,
आणि वारा मिठागरांकडून येतो.

डावीकडचा तिसरा बाक आमचा.
पाठीवर सासऱ्यांच्या बापाचं नाव कोरलंय,
'रेबेलो'मधल्या 'रे'ची मात्रा वाळवीने खाल्लीय.
लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथे बसते,
कडेला, खांबाच्या आडोशाला,
जिथून पाद्री दिसत नाही पण दार दिसतं.

माझ्या धाकट्या बहिणीने, सेवरीनने, पाचव्या घरात लग्न केलं.
एका नोव्हेनाला तिची सासू वाट चुकल्यासारखी
आमच्या बाकाशी येऊन थांबली.
गुडघे दुखत होते तिचे. जागा होती.
मी काही बोलले नाही.
देवाशपथ, एक शब्द बोलले नाही.
फक्त माझी छत्री उचलली
आणि त्या जागेवर ठेवली.

पुढच्या वर्षी सेवरीन 'विश्वासी' लोकांत गेली,
मासळीच्या लिलावशेडमागे, जिथे खंजिरी वाजते.
खाडीत बुडी मारून दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला.
आमचा सांत आंतोन प्लास्टरचा आहे म्हणाली.
आहेच. दर मे महिन्यात मीच रंगवते त्याला.
मी गावभर सांगत फिरले,
'तिका बाटवल्यानी,'
आणि लोकांनी माना हलवल्या.
छत्रीचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

नऊ वर्षं.

काल आतेच्या वर्षश्राद्धाची मिसा.
दार दिसतं म्हणाले ना.
सेवरीन आली. पवित्र पाण्यात बोट घातलं नाही,
गुडघा टेकला नाही. मागे भिंतीला टेकून उभी राहिली,
हातात चपला, कधीकाळी आई धरायची तशा.
फिलूचा घसा. मग आणखी चार.

मी छत्री उचलली.
मांडीवर घेतली. ओली होती, लुगड्याला पाणी लागलं.
मान वळवून पाहिलं तिच्याकडे.
तिने पाहिलं बाकाकडे.
आली नाही.

तेवढ्यात बस्त्याव उठला, चष्मा पुसला,
आणि म्हणाला, 'इस्राएल'.

बाबा जेवताना ताटावर हात आपटून
त्याच्या बापाची अशीच नक्कल करायचे.
माझे खांदे हलू लागले.
मागे, भिंतीपाशी,
कुणाच्या तरी नाकातून हसू फुटलं,
आणि ते लपवायला
तिने घसा खाकरला.